वायर जोडली आणि मी 'हो' म्हटलं

[जात्याचा आवाज. 22 सेकंद.]

आत्ता ऐकलंत ते जातं. दिंडोरी तालुक्यातल्या माझ्या आजोळच्या पडवीतलं, 2011 च्या दिवाळीतलं. जे ऐकत नाहीयेत, वाचतायत, त्यांच्यासाठी सांगते. दगडावर दगड फिरतोय, मधूनमधून बांगड्या वाजतायत, एक म्हातारी बाई गळा साफ करते, ओवीचा पहिला शब्द उचलते आणि आवाज कापल्यासारखा थांबतो.

तो थांबतो, कारण कॉम्प्युटरने मला एक प्रश्न विचारला होता आणि मी 'हो' म्हटलं होतं.

आजचा भाग त्या 'हो'चा आहे. आणि एका काळ्या वायरचा, जी तुमच्या सगळ्यांच्या घरात ड्रॉवरमध्ये गुंतून पडलेली असेल. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये वायर कुठून आली असं वाटेल, पण थोडा दम धरा. रेकॉर्डरमधला आवाज कॉम्प्युटरमध्ये कसा जातो, यालाही इतिहास आहे, आणि त्यात आपल्या आज्यांचे आवाज अडकलेले आहेत.

कॅसेटपासून सुरुवात करू. फिलिप्स कंपनीने ती 1963 मध्ये आणली. आपल्याकडे ती घरोघरी पोचली साधारण ऐंशीच्या दशकात, टू-इन-वनमधून. प्रल्हाद शिंद्यांची गाणी गावागावात पोचली ती या कॅसेटवरून. पण तिचा एक गुण आपण विसरलो. कॅसेटची नक्कल करायची तर साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागत. काही डेकवर दुप्पट वेगाने डबिंग व्हायचं, पण आवाजाची वाट लागायची, म्हणून जपून ठेवायचं रेकॉर्डिंग असलं की लोक सावकाशच करत. एक टेप वाजायची, दुसरी ऐकत बसायची, आणि करणारा माणूसही तिथेच असायचा, कारण बाजू संपली की उठून उलटी करायला लागायची. म्हणजे नक्कल करताना ते सगळं पुन्हा एकदा कानावरून जायचंच. आणि झाल्यावर हातात पेन असायचं. कव्हरच्या आतल्या रेघांवर लिहायचं: कोण, कुठे, कधी.

कॉम्प्युटर आले तेव्हाही सुरुवातीला हेच होतं. रेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून साडेतीन मिलिमीटरची पिन काढायची, कॉम्प्युटरच्या मागे साउंड कार्डच्या निळ्या भोकात घालायची आणि बसायचं. तासाचं रेकॉर्डिंग, तासभर बसणं. रेकॉर्डर डिजिटल असला तरीही! आकडे बाहेर पडताना पुन्हा आवाज व्हायचे आणि आत शिरताना पुन्हा आकडे. दूध आटवून पावडर करायची, पाणी घालून परत दूध करायचं आणि शेजारच्या घरी नेऊन पुन्हा आटवायचं, तसला प्रकार.

बरं, डिजिटल म्हणजे किती आकडे? सीडी 1982 मध्ये आली, तिचं माप आजही चालतं. एका सेकंदात आवाजाची 44,100 वेळा मोजणी, प्रत्येक मोजणीला दोन बाइट, आणि डावा-उजवा असे दोन कान. गुणाकार केला की सेकंदाला 1,76,400 बाइट होतात. मिनिटाला साडेदहा एमबी, तासाला सुमारे 635 एमबी. हा तासाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मध्ये एक मजेशीर टप्पा येऊन गेला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1992 मध्ये सोनीने मिनिडिस्क आणली. एवढीशी चौकोनी चकती, वर रेकॉर्डिंग करता येतं, खिशात मावते. ठिकठिकाणी हिंडून गाणी आणि मुलाखती रेकॉर्ड करणाऱ्यांना ती फार आवडली. 2001 मध्ये तिला यूएसबीची वायर मिळाली, आणि लोक खूश झाले. मग कळलं की ही वायर एकाच दिशेने चालते. कॉम्प्युटरमधली गाणी चकतीत जाणार, पण तुम्ही स्वतः माइक लावून रेकॉर्ड केलेलं वायरीतून कॉम्प्युटरमध्ये येणार नाही. का? तर गाण्यांच्या चोरीची भीती. आता, शेतात बसून एखाद्या आजीचं गाणं मी रेकॉर्ड केलं, त्यात कुणाची चोरी? पण यंत्राला आजी आणि फिल्मी गाणं यातला फरक कळत नाही. 2004 मध्ये त्याच घराण्यातलं नवं यंत्र आलं तेव्हा उलटा रस्ता उघडला, आणि जुन्या चकत्यांवरचं रेकॉर्डिंग वायरीने बाहेर काढणारं यंत्र यायला 2006 उजाडलं. वायर जोडता येते म्हणजे आतलं बाहेर येईलच असं नाही. हे तंत्रज्ञानाने नाही, माणसांनी बसून ठरवलेलं असतं.

आता खुद्द यूएसबी. त्याआधी कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरचं भोक वेगळं, माउसचं वेगळं, मोडेमचं वेगळं, आणि काही नवं जोडलं की कॉम्प्युटर बंद करून चालू करा. सात कंपन्या एकत्र बसल्या आणि जानेवारी 1996 मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. या कामात इंटेलमधले अजय भट्ट पुढे होते. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, म्हणजे आपल्या शेजारचेच. यूएसबीची पिन पहिल्या झटक्यात कधीच बसत नाही, उलटी करावी लागते, मग पुन्हा सुलटी, हा जो जगभरचा विनोद आहे, त्याबद्दलही त्यांना विचारून झालंय. दोन्हीकडून बसणारी पिन करायची तर तारा वाढणार, खर्च वाढणार, आणि यूएसबी स्वस्त झाली नसती तर कुणी घेतली नसती, असं त्यांचं म्हणणं.

त्या मूळ वायरीत फक्त चार तारा असतात. दोन वीज नेतात, दोन माहिती. बाजारात स्वस्तातल्या काही वायरींत माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. दिवा लागतो, चार्जिंग होतं, पण कॉम्प्युटरला काही दिसत नाही. तुमचा फोन लॅपटॉपला जोडल्यावर नुसताच चार्ज होत बसला असेल, तर आधी वायर बदलून बघा आणि मग फोनला शिव्या द्या. (फोनचं आणखी एक आहे. सुरक्षेसाठी तो आपणहून 'फक्त चार्जिंग'वर राहतो. वरून नोटिफिकेशन ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडावं लागतं.)

वेगाचं बघा. 1998 च्या सुधारित यूएसबीचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला 12 मेगाबिट, म्हणजे आपलं ते तासाभराचं 635 एमबी जायला प्रत्यक्षात दहा मिनिटं तरी. 2000 मध्ये दुसरी आवृत्ती आली, 480 मेगाबिटची. कागदावर चाळीस पट. आता एक तासाचं गाणं मिनिट-दोन मिनिटांत पलीकडे. पाठोपाठ पेन ड्राइव्ह आले, आणि 2005-06 पासून हातात मावणारे रेकॉर्डर, ज्यांच्या आत मेमरी कार्ड आणि बुडाशी यूएसबीचं छोटं भोक. वायर लावली की रेकॉर्डर पेन ड्राइव्हसारखा दिसतो, फाइल ओढायची, टाकायची, झालं. तासभर शेजारी बसायची गरज संपली. ऐकायचीही.

असाच एक सेकंडहँड रेकॉर्डर 2011 मध्ये माझ्याकडे आला. मी तेव्हा कॉलेजला होते, नाशिकमध्ये मावशीकडे राहायची. दिवाळीला आजोळी गेले आणि आजीला म्हटलं, जात्यावरच्या ओव्या म्हण ना. ती म्हणाली, "आता कशाला गं, गिरणी आहे की कोपऱ्यावर." लग्नातल्या हळदीपुरतं जातं उरलं होतं. पण शेजारच्या दोघी-तिघी आल्या, जातं पुसलं, खुंटा ठोकून घट्ट केला, आणि दळण काही नव्हतंच तर मूठमूठ तांदूळ घालत बसल्या. ओवी अशी नुसती बसून आठवत नाही म्हणे, हात फिरायला लागला की येते. अडीच तास झाले. रेकॉर्डरमधलं कार्ड होतं दोन जीबीचं. हिशोब करा: अडीच तासांचे सुमारे 1,590 एमबी. जेमतेम बसलं.

मी एक हुशारी केली होती. प्रत्येक बाईसाठी रेकॉर्डरमध्ये वेगळा फोल्डर. त्या रेकॉर्डरची तारीख बॅटरी बदलली की मागे जायची, म्हणून तारखेवर भरवसा नव्हता. पण फोल्डर वेगळे होते, आणि कुठल्या नंबरचा फोल्डर कुणाचा हे माझ्या डोक्यात होतं. कागदावर नव्हतं.

नाशिकला परतले. रेकॉर्डरसोबत वायर नव्हती, म्हणून एम. जी. रोडवरून चाळीस रुपयांची आणली. लाल दिवा लागला, कॉम्प्युटर ढिम्म. दोन तारांवाली! मग मावसभावाच्या कॅमेऱ्याची वायर लावली. आता रेकॉर्डरच्या इवल्याशा पडद्यावर दोन पर्याय: स्टोरेज की ऑडिओ. आवाजाचंच काम आहे म्हणून मी ऑडिओ निवडलं. चूक. ऑडिओ निवडलं की रेकॉर्डर कॉम्प्युटरचा माइक होऊन बसतो, कार्डातल्या फाइली दिसतच नाहीत. वायर तीच, पण यंत्र स्वतःची ओळख काय करून देतं यावर सगळं असतं. मग स्टोरेज. फोल्डर दिसले. आनंद.

आणि कार्ड रिकामं व्हावं म्हणून मी कॉपी न करता कट केलं.

तेव्हा नाशिकमध्ये वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, आणि मावशीकडे यूपीएस नव्हता. कॉम्प्युटर बंद. रेकॉर्डर वायरीतूनच वीज घेत होता, तोही बंद. वीज आली तेव्हा कॉम्प्युटरवर एकच फाइल पोचलेली होती, तीही अर्धी. वायर परत जोडली, आणि पडद्यावर प्रश्न आला: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

माझं वय एकोणीस. कॉम्प्युटर म्हणतोय 'करावी लागेल', म्हणजे करावीच लागत असेल. मी 'हो' दाबलं. पाच-सात सेकंद लागले. कार्ड स्वच्छ. एकही फोल्डर नाही.

आता हे नेमकं काय झालं ते सांगते, कारण उद्या तुमच्यावर ही वेळ येईल. स्टोरेज म्हणून जोडलेलं यंत्र आपलं अख्खं कार्ड कॉम्प्युटरच्या ताब्यात देतं. म्हणून तर वायर लागली की त्या रेकॉर्डरवर रेकॉर्डिंग करता येत नाही, एका वहीत दोघांनी एकाच वेळी लिहायचं नसतं. त्या वहीत पुढे एक अनुक्रमणिका असते: कुठली फाइल कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत. कट करताना नेमकी तीच अर्धवट राहिली. आणि साधं, झटपट फॉरमॅट म्हणजे ती अनुक्रमणिका कोरी करणं. मजकुराची पानं तशीच असतात, वर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. मावसभावाच्या मित्राने फोनवर पहिलं वाक्य हेच सांगितलं: "त्या कार्डावर आता एक शब्दही रेकॉर्ड करू नकोस." मग फोटोरेक नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे, तो लावला. तो अनुक्रमणिका बघतच नाही, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळत जातो आणि वेव्ह फाइलच्या सुरुवातीची खूण दिसली की तिथून उचलतो.

नऊ फाइली मिळाल्या. एक तास चाळीस मिनिटं. कार्डावर मी आधी बऱ्याच गोष्टी रेकॉर्ड करून पुसल्या होत्या, त्यामुळे नव्या फाइली तुकड्या-तुकड्यांनी भरल्या गेल्या होत्या. ते तुकडे जुळले नाहीत, तिथे आवाज कापला गेला. सुरुवातीला ऐकवला तो तुकडा त्यातलाच. आणि नावं? हा प्रोग्राम फाइलला नाव देतो ते कार्डावरच्या जागेचा नंबर. एफ आणि पुढे सात आकडे. फोल्डर गेले, क्रम गेला, कोण कुठली ते गेलं.

आजीला मी खरं सांगितलं. ती हसली. म्हणाली, संक्रांतीला ये, परत म्हणू. संक्रांतीला माझी सबमिशन्स होती. फेब्रुवारीत ती गेली.

यानंतर जे केलं त्याची मला जास्त लाज वाटते. त्या नऊ फाइली मी बारा वर्षं सांभाळल्या. जुन्या कॉम्प्युटरवरून हार्ड डिस्कवर, तिथून लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून क्लाउडवर. दर वेळी मिनिटभरात कॉपी, हिरवी रेघ पूर्ण, सुटकेचा श्वास. ऐकल्या एकदाही नाहीत. कॅसेट असती तर प्रत्येक नक्कल करताना ऐकावीच लागली असती.

ओव्या गोळा करण्याचं एक मोठं काम आपल्याकडे झालं आहे, ते मला उशिरा कळलं. पुण्यातले हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम अनेक वर्षं केलं. गी मूळचे फ्रान्सचे, इथे आले आणि इथलेच झाले. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया, एक लाखाहून जास्त ओव्या. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-संशोधक त्यांना येऊन मिळाले, त्यांनी या ओव्यांची संगणकीय नोंद बांधली आणि सुमारे 120 तासांचं ध्वनिमुद्रण उभं राहिलं. म्हणजे यूएसबी जेमतेम जन्माला येत होती, त्या काळात. गी 2004 मध्ये गेले, हेमाताई 2010 मध्ये. 2017 पासून 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या. फोनवर ऐकता येतात, जरूर ऐका.

मी ऐकायला गेले आणि वाचतच बसले. ओवीखाली नोंद असते: गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, शिक्षण, मुलं, काय काम करते. हे सगळं आधी माणसांनी विचारून लिहून घेतलं, मग मशीनमध्ये गेलं. माझ्याकडचं रेकॉर्डिंग त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षं नव्या यंत्रावरचं आहे. सोबत नोंद शून्य.

मला आमच्या नाशिकच्या दादासाहेब फाळक्यांची आठवण येते. 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण नाही, त्यातला काही भागच उरला आहे, आणि उरलेली रिळं त्या मूळ चित्रपटाची की त्यांनीच 1917 मध्ये पुन्हा केलेल्याची, यावर जाणकार वाद घालतात. एवढ्या मोठ्या माणसाच्या डब्यावरही नेमकं काय ते कळेनासं होतं. माझ्या आजीची काय कथा!

तर गेल्या दिवाळीत मी फोन आणि एक वही घेऊन मावशीसमोर बसले. एक तास चाळीस मिनिटं ऐकायला आम्हाला चार दुपारी लागल्या. कारण मावशी दर दोन मिनिटांनी थांबवायची. "ही आई नव्हे गं. आई अशी मध्येच दम घेत नाही. ही पलीकडच्या वाड्यातली काकू, तिला दमा होता." मग काकूची अख्खी गोष्ट. मग पुढची ओवी. एकदा नुसत्या बांगड्या ऐकून म्हणाली, "या काचेच्या नाहीत, पाटल्या आहेत, म्हणजे आईच खुंट्याला आहे." मी लिहीत होते. सातआकडी फाइलींना एकेक करून नाव मिळत होतं.

सहाव्या फाइलीत एक गंमत निघाली. गाणं सुरू व्हायच्या आधी आजी बोलतेय, माझ्याशी नाही, शेजारणीशी. ही ओवी मी अमकीकडून शिकले, ती चांदवडकडची होती, आमच्या लग्नात आली होती. नाव, गाव, प्रसंग, तिन्ही. मी फोल्डरला दिलेली ओळख गेली. आजीने आवाजात सांगितलेली राहिली, कारण ती आवाजातच होती, अनुक्रमणिकेत नव्हती. तेव्हापासून मी कुणाचंही रेकॉर्डिंग करताना सुरुवातीला माइकमध्ये बोलते: आज तारीख अमुक, गाव अमुक, समोर कोण. आणि कॉपी करते, कट नाही, ऐकून बघितल्यावरच कार्ड पुसते. तुम्ही व्हॉट्सअॅपवर आजोबांचा आवाज पाठवता ना, तिथे व्हॉइस मेसेज आकसून जातो, हे पण ध्यानात असू द्या. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आठ फाइली झाल्या. नववीत एक आवाज आहे, तो मावशीला ओळखता आला नाही. तरुण आहे, गोड आहे, जरा घाबरलेला. मावशीने फोन कानाशी धरून तीनदा ऐकला. मलाही आठवत नाही, आणि रेकॉर्ड करणारी मीच. "आपल्यातली नाही," मावशी म्हणाली, "कुणाची तरी पाहुणी असेल, दिवाळीला आलेली."

वहीत लिहिलं: नाव माहीत नाही, पाहुणी, दिंडोरी तालुका, दिवाळी 2011. दिंडोरी, चांदवड, निफाडकडचे कुणी ऐकत असाल तर घरातल्या मोठ्यांना ऐकवा. पुढचा एक मिनिट दहा सेकंद तिचा आहे.

[ध्वनिमुद्रण. 1 मिनिट 10 सेकंद.]